उल्हासरावांचा बिनकाट्याचा मासा

उल्हास सामंत यांनी आयुष्यात दोनच गोष्टी मनापासून केल्या: मासे धरले आणि लोकांना बनवले. पहिली विद्या ते वेंगुर्ल्याच्या खाडीवर लहानपणीच शिकले. दुसरी कोणाला शिकवावी लागली नाही. पुढे इंग्लंडात, रीडिंग शहरातल्या एका विमा कंपनीत हिशेब तपासण्यात त्यांची उमेदीची वर्षे गेली, पण त्यांना विचाराल तर तो सगळा काळ म्हणजे दोन रविवारांच्या मधला वेळ होता.

अशा माणसाच्या घरात मासा शिजत नव्हता, हे सांगून कोणाला खरे वाटले नसते. यमुनाबाई मिरजेच्या. त्यांच्या माहेरी चातुर्मासात कांदासुद्धा उंबरठ्याबाहेर राहायचा. लग्नाआधी त्यांनी एकच अट घातली होती, "माझ्या स्वयंपाकघरात मासा यायचा नाही." उल्हासराव तेव्हा इतके प्रेमात होते की त्यांनी मीठसुद्धा सोडले असते. ते हो म्हणाले, आणि दुधाच्या बंद कपाटाकडे मांजर पाहते तसे जन्मभर त्या होकाराकडे पाहत राहिले.

हा पेच सोडवला इंग्लंडने. इथली माणसे पहाटे उठून, महागडी काठी घेऊन, पावसात भिजत तळ्याकाठी बसतात, मासा धरतात, त्याचे वजन करतात, फोटो काढतात, आणि त्याला परत पाण्यात सोडून देतात. हा प्रकार पहिल्यांदा पाहिला तेव्हा उल्हासरावांना भोवळ यायचीच बाकी राहिली. वेंगुर्ल्यात कोणी असे केले असते तर घरच्यांनी त्याला वैद्याकडे नेले असते. पण दुसऱ्याच क्षणी त्यांना उमगले, की देवाने हा तोडगा खास त्यांच्या संसारासाठी काढला आहे. गळ टाकून गरवायचे, पण घरी काही आणायचे नाही. पुढच्या आठवड्यात ते लिटल हॅम्बोर्नच्या अँगलिंग क्लबाचे सभासद झाले.

लिटल हॅम्बोर्न हे रीडिंगच्या पलीकडचे लहानसे खेडे. तिथे चर्चच्या मागच्या कुरणात एक चौकोनी खंदक आहे आणि खंदकाच्या मधोमध गवताचे बेट. सातशे वर्षांपूर्वी त्या बेटावर एका जहागीरदाराची गढी होती. आता तिचा दगडही उरलेला नाही. मेंढ्या चरतात आणि पायाला झोंबणारी नेटलची झुडपे वाढतात. खंदकाला लागून, उताराच्या अंगाला, त्याच जहागीरदाराने ओढ्याचे पाणी अडवून एकाखाली एक तीन तळी खणली होती. त्यांतली दोन गाळाने भरून बशीसारखी उथळ झाली. खंदकाच्या बांधालगतच्या तिसऱ्यात अजून पाणी आहे, आणि त्या पाण्यावर क्लब जगतो.

क्लबाचे अध्यक्ष डेरेक हॉलिस हे गावचे निवृत्त पोस्टमास्तर. दर उन्हाळ्यात ते नव्या सभासदांना हा परिसर हिंडवून दाखवत. "हा खंदक लढाईसाठी नव्हे," ते सांगत. "चार फूट पाण्याने कोणता शत्रू अडतो? शेजारच्या जहागीरदाराने खणला होता, म्हणून ह्याने खणला." हे ऐकताच उल्हासरावांना त्या मेलेल्या जहागीरदाराबद्दल सख्ख्या भावकीची आपुलकी वाटली. त्यांच्या गावच्या एका खोताने, शेजाऱ्याने रहाट बसवला म्हणून, स्वतःच्या कोरड्या विहिरीवर रहाट बसवला होता.

तळ्यांचे कारण मात्र त्यांना चक्रावून टाकणारे निघाले. त्या काळी शुक्रवारी आणि ईस्टरच्या आधीचे कित्येक आठवडे मांस वर्ज्य असे, मासे चालत. उपवास ताजा मिळावा म्हणून घराशेजारी तळी. उल्हासरावांनी ही बातमी त्याच संध्याकाळी घरी पोचवली.

"उपवासाला मासे?" साबुदाणा भिजत घालणाऱ्या यमुनाबाईंनी मान वर केली. "अहो, मग पारण्याला काय खायचे ते? हत्ती?"

ह्या तळ्याचा सध्याचा मालक होता बिशप. कार्प जातीचा मासा, बत्तीस पौंड वजनाचा, वयाने बहुतेक सभासदांच्या मुलांएवढा. खालच्या ओठाला खाच, पोट तृप्त, चाल अशी की मागून कोणी धूप घेऊन येत असावे. उल्हासरावांनी त्याला दोनदा धरले होते आणि दोन्ही वेळा ओल्या चटईवर निजवून, पाठ थोपटून परत सोडले होते. क्लबाच्या खजिनदार ब्रेंडा यांचे त्याच्याशी नाते वेगळे होते. त्यांच्या नवऱ्याने आयुष्यात शेवटचा धरलेला मासा तोच. नवरा गेल्यापासून त्या रोज संध्याकाळी विलोच्या झाडाखाली उभ्या राहून पावाचे तुकडे टाकत, आणि बिशप न चुकता वर येई.

आणि दर वार्षिक सभेत, सगळे विषय संपले की, उल्हासराव उठून अध्यक्षांची परवानगी मागत आणि बिशप कसा शिजवावा हे सांगत. "आधी हळद, मीठ आणि चिंच लावून ठेवायचा. चिखलाचा वास जातो. मग ओल्या खोबऱ्याचं वाटप, दोन-चार तिरफळं, आणि मंद आच. घाई नाही करायची. बिशप आहे, मान राखला पाहिजे." सभासद कानांवर हात ठेवत आणि बोटांच्या फटींतून सगळे ऐकत. ब्रेंडाबाई त्यांच्या दंडावर चापटी मारत. आपल्या घरी दर रविवारी माशाची आमटी असते, असेही ते ओघात सांगून टाकत. त्या आमटीचे वर्णन करताना त्यांचे डोळे खरोखरच पाणावत, कारण ती त्यांनी कित्येक वर्षांत चाखलेली नव्हती.

काप आले ते ह्याच ओघात. ऑगस्टमध्ये तळ्याकाठी क्लबाचे स्नेहभोजन असे. प्रत्येकाने घरून एक पदार्थ आणायचा. यमुनाबाई लंडनमधल्या एजवेअरच्या दुकानातून सुरण आणवत, आमसुलाच्या पाण्यात ठेवत, तिखट-मीठ लावत आणि तांदळाच्या पिठात व रव्यात घोळवून खरपूस काप तळून देत. पहिल्या वर्षी डेरेकनी एक काप तोंडात टाकला, डोळे मिटले आणि म्हणाले, "काय सुरेख मासा आहे! आणि एक काटा नाही!"

उल्हासराव खोटे बोलले नाहीत. त्यांनी फक्त खरे सांगायची घाई केली नाही.

पुढे दर वर्षी लोक त्या माशाविषयी विचारू लागले, आणि उल्हासराव शब्दन् शब्द खरी माहिती पुरवू लागले. तो तळाशी चिखलात राहतो. फारसा हलत नाही. दिसायला अत्यंत कुरूप असतो. नीट साफ केला नाही तर घसा धरतो. एका वर्षी यमुनाबाईंकडून आमसूल कमी पडले आणि डेरेकचा घसा दिवसभर खवखवला, तेव्हा डेरेकच समाधानाने म्हणाले, "अखेर एक काटा सापडला म्हणायचा!" यमुनाबाई ह्या भोजनाला कधी जात नसत. लोकांना काप आवडतात, एवढेच त्यांना कळे, आणि दर वर्षी त्या दोन काप जास्तच तळत.

दोन हजार सातच्या जुलैत मात्र ओढा खवळला. एका दिवसात इतका पाऊस झाला की कुरण, तळे आणि खंदक यांचे मिळून एकच पाणी झाले. मधले बांध दिसेनासे झाले आणि मेंढ्या चर्चच्या आवारात जाऊन उभ्या राहिल्या. पाणी ओसरल्यावर तळे होते तसे दिसले, पण बिशप दिसेना. ब्रेंडाबाई रोज पाव घेऊन उभ्या राहत. पाव बदके खात.

असे आठवडे गेले आणि स्नेहभोजनाचा दिवस उजाडला. उल्हासरावांनी ताट उघडून टेबलावर ठेवले. त्या वर्षी सुरण मोठे मिळाले होते. काप तळहाताएवढे होते.

"ह्या वर्षी फारच मोठा मासा दिसतोय," एक काप उचलत डेरेक म्हणाले. "कोणता हा?"

शहाणा माणूस इथे गप्प बसला असता. पण चाळीस माणसे ऐकत उभी असताना गप्प बसणे हे उल्हासरावांच्या स्वभावात नव्हते. त्यांनी तळ्याकडे एक दीर्घ दृष्टिक्षेप टाकला, उसासा सोडला आणि म्हणाले, "एक जुना मित्र."

कोणी हसले नाही. डेरेकनी चावलेला घास कागदी रुमालात काढला. ब्रेंडाबाईंनी आपली बशी टेबलावर ठेवली, आणि उल्हासरावांकडे न बघता त्या फाटकाच्या दिशेने चालू लागल्या.

"अहो, सुरण आहे! कंद आहे तो, जमिनीतला!" उल्हासराव त्यांच्या मागे धावले. "बटाट्यासारखा!"

ब्रेंडाबाई थांबल्या. "इतकी वर्षं तुम्ही त्याला मासा म्हणत होता, उल्हास. मग खोटं कधी बोलत होता? तेव्हा की आता?"

त्यातच डेरेकना आठवले की पुराच्या दुसऱ्या दिवशी उल्हासराव झाकलेली बादली घेऊन कुरणातून जाताना दिसले होते. उल्हासरावांनी सांगितले, की गवतात अडकलेली माशांची पिल्ले उचलून ते परत तळ्यात सोडत होते.

"आणि बत्तीस पौंडांचा मासा बादलीत मावतो का, डेरेक?"

"अखंड नाही मावत," डेरेक म्हणाले.

त्या संध्याकाळी उल्हासरावांनी क्रॉयडनला मुलीला फोन केला. आसावरी इथेच जन्मलेली आणि सॉलिसिटर झालेली.

"बाबा, तू कोणाला काही स्टेटमेंट देऊ नको. आणि ती मासा कुठे गेली, तुला खरंच माहीत नाही?"

"तो मासा कुठे गेला, असं म्हणायचं, बाळ."

"बाबा, फोकस! तू ते खाल्लं का?"

पोटच्या मुलीनेही विचारावे, म्हणजे प्रकरण गंभीर होते. रविवारी कमिटी बसणार होती, आणि त्यांचे सभासदत्व राहते की जाते ते तिथे ठरणार होते. उल्हासराव रात्री पडल्या पडल्या हिशेब मांडत राहिले. तळे गेले तर पहाट गेली, विलोखालची आपली बैठक गेली, संसाराचा तोडगाही गेला. आणि निर्दोष ठरायचे तर एकच साक्षीदार होता, तो शेजारच्या उशीवर झोपलेला. ज्या बाईच्या स्वयंपाकघरात कधी मासा आला नाही तिलाच सांगावे लागणार, की तुझे सुरण मी गावभर मासा म्हणून वाढत आलो. त्यांना बिशप खाल्ल्याचा आरोप त्या मानाने सोपा वाटू लागला.

सांगायची वेळ त्यांच्यावर आलीच नाही. शनिवारी दुपारी डेरेक स्वतः दारात उभे राहिले, हातात टोपी घेऊन. दार यमुनाबाईंनी उघडले.

"मिसेस सामंत, माफ करा. त्या माशाबद्दल जरा बोलायचं होतं."

"कोणता मासा?"

"जो तुम्ही तळलात तो."

उल्हासराव जिन्यावर होते. पुढचा संवाद त्यांनी तिथेच, कठड्याला धरून ऐकला. यमुनाबाईंनी डेरेकना हाताला धरून स्वयंपाकघरात नेले. फ्रिज उघडला, कपाटे उघडली, कढई नाकापाशी धरली. "घ्या वास! येतो का माशाचा? ह्या घरात मासा शिजलेला नाही, मिस्टर हॉलिस. कधीच नाही!"

"पण दर रविवारची आमटी..."

"डाळीची!"

"आणि ते काप? चिखलात राहणारा तो मासा?"

यमुनाबाईंनी खालच्या खणातून उरलेला सुरणाचा गड्डा काढून ओट्यावर आदळला. हत्तीच्या पायासारखा तो काळपट, खडबडीत गोळा डेरेक बराच वेळ पाहत राहिले. तळाशी राहतो, हलत नाही, अत्यंत कुरूप. सगळी वर्णने त्यांनी मनात पडताळून पाहिली असावीत, कारण त्यांचा हात आपोआप गळ्याशी गेला.

"म्हणजे तो काटा..."

"आमसूल कमी पडलं होतं," जिन्यावरून बारीक आवाज आला.

यमुनाबाई वळल्या. "खाली या."

उल्हासराव खाली आले.

"माझ्या हातचं सुरण तुम्ही मासा म्हणून वाढलंत? इतकी वर्षं? आणि आता श्रावण चालू आहे, अहो! ऐन श्रावणात माझ्या घरून मासे गेले, असं त्या अख्ख्या गावाला वाटतंय!"

"अगं, तो मासा आहे असं मी कधी म्हटलं नाही..."

"काय म्हणालात मग?"

"एक जुना मित्र, असं म्हणालो."

डेरेकनी खोकला काढून तोंड झाकले. मग ते हळूच म्हणाले, "खरं सांगू का मिसेस सामंत? मला मासे आवडत नाहीत. लहानपणापासून. जन्मात मला एवढा एकच मासा आवडला होता." त्यांनी टोपी घातली. "मला पटलं. पण ब्रेंडाला पटेल असं वाटत नाही. तिला उल्हासनी स्वतः सांगावं लागेल."

"ते सांगतील," यमुनाबाई म्हणाल्या. "मी येते बरोबर."

कमिटी प्रथेप्रमाणे गढीच्या बेटावर, घडीच्या टेबलाभोवती बसली. बेटावर जायला लाकडी साकव आहे. खाली खंदकाचे पाणी, आणि त्यावर हिरव्या शेवाळपानांची इतकी दाट साय की मेंढ्या त्याला कुरण समजतात. खंदक सरकारी संरक्षणातला. तिथे गळ टाकायला मनाई, त्यामुळे क्लबातले कोणी त्या पाण्याकडे ढुंकूनही पाहत नसे.

उल्हासराव उभे राहिले. अध्यक्षांची परवानगी त्यांनी नेहमीसारखीच मागितली, पण ह्या वेळी पाककृती नव्हती. रविवारची आमटी खोटी आहे. मी घरी शेवटचा मासा खाल्ला तेव्हा माझे लग्न झाले नव्हते. काप सुरणाचे आहेत, पहिल्या वर्षापासून. मी तुम्हांला हसवत होतो असे मला वाटायचे. खरे म्हणजे मी तुमच्यावर हसत होतो. एवढे बोलून ते ब्रेंडाबाईंकडे वळले. "बिशपला मी दोनदा हातात घेतलंय. मी त्याला कसा खाईन, ब्रेंडा? आणि तसं बोलायलाही नको होतं. निदान तुमच्यासमोर."

ब्रेंडाबाई म्हणाल्या, "फार छान बोलता तुम्ही. नेहमीच. तीच तर अडचण आहे."

यमुनाबाईंनी बरोबर आणलेला डबा उघडला. सकाळी तळलेले काप. त्यांनी तो टेबलावर मधोमध ठेवला. "खाऊन बघा. कंद आहे."

कोणी हात पुढे केला नाही. एका सभासदाने खुर्ची थोडी मागे सरकवली. मिरजेच्या घराण्यातल्या बाईच्या हातचा पदार्थ असा नाकारला जाण्याची ही पहिलीच वेळ असावी. त्यांनी डबा उचलला, साकवापर्यंत गेल्या आणि तिथल्या बदकांना मराठीत म्हणाल्या, "तुम्ही तरी खा रे. ह्यांना नाही पचायचं."

पहिला काप हिरव्या सायीवर पडला. बदके निघाली, पण पोचली नाहीत. साय मधोमध फाटली, खालून एक रुंद, गोल, शांत तोंड वर आले, आणि काप आत गेला. घाई नव्हती. खालच्या ओठाला खाच होती.

"अगं बाई!" यमुनाबाई म्हणाल्या, आणि त्यांनी दुसरा टाकला. तोही गेला.

एव्हाना खुर्च्या उलट्या पडल्या होत्या. पुराच्या पाण्यात बांधावरून खंदकात उतरलेला बिशप पाणी ओसरताना पलीकडे राहून गेला होता, आणि सारा क्लब तळे धुंडाळत असताना तो जहागीरदाराच्या अंगणात निवांत फेऱ्या घालत होता. ब्रेंडाबाई साकवावर गुडघे टेकून बसल्या. "वजन वाढलंय तुझं," त्या पाण्याला म्हणाल्या. मग त्यांनी मागे न बघता हात पसरला. यमुनाबाईंनी त्यावर काप ठेवला. अर्धा त्यांनी पाण्यात टाकला, उरलेला अर्धा स्वतःच्या तोंडात.

बराच वेळ चावून त्या म्हणाल्या, "माशासारखा मुळीच लागत नाही."

"नाहीच आहे!" यमुनाबाई आणि उल्हासराव एकदमच म्हणाले.

सभासदत्व राहिले. शिक्षा एवढीच झाली, की वार्षिक सभेत पाककृती बंद. बिशपला तळ्यात आणण्याचा विचार डेरेकनी सोडून दिला. संरक्षित खंदकात जाळे टाकण्याची परवानगी मिळेपर्यंत सगळेच म्हातारे झाले असते, बिशपसुद्धा. तो तिथेच राहिला. कोणी गळ टाकू शकत नाही अशा पाण्यात, चारी बाजूंनी खंदक असलेल्या घराचा सातशे वर्षांनंतरचा नवा मालक म्हणून.

पुढच्या ऑगस्टात यमुनाबाई स्वतः स्नेहभोजनाला आल्या. तोवर सुरणाचे सत्य गावातल्या पोरासोरांना ठाऊक झाले होते. पण एक नवा सभासद त्याच महिन्यात दाखल झाला होता. त्याने तळहाताएवढा काप उचलला, चाखला, भुवया उंचावल्या.

"अप्रतिम! कोणता मासा हा?"

उल्हासरावांचे ओठ हलले. पण यमुनाबाई त्यांच्या अगदी मागे उभ्या होत्या. त्यांनी ओठ मिटले, आणि हे मिटणे त्यांना किती जड गेले ते त्यांच्या कानांच्या रंगावरून दिसत होते.

तेवढ्यात डेरेक हॉलिस, निवृत्त पोस्टमास्तर, जन्मात कधी विनोद न केलेला माणूस, पुढे आले. त्यांनी खंदकाकडे एक दीर्घ दृष्टिक्षेप टाकला, टोपी काढून छातीशी धरली आणि उसासा सोडला.

"एक जुना मित्र," ते म्हणाले.

नव्या सभासदाचा हात तोंडाशीच थांबला. त्याने घाबरून यमुनाबाईंकडे पाहिले. यमुनाबाईंनी क्षणभर विचार केला, उल्हासरावांकडे एक नजर टाकली, आणि त्याच्या बशीत आणखी एक काप वाढला.

"काटे नाहीत," त्या म्हणाल्या. "बिनधास्त खा."